घाट मँगोचं मूळ

चौगुले सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. कॉलेजातले जुने लोक भेटले की अजून त्यांच्या नाकाच्या गोष्टी निघतात आणि हशा होतो. मीही हसतो. त्या नाकानं शेवटी काय केलं हे त्या हसणाऱ्यांपैकी कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी तिथं होतो आणि बोलायच्या वेळी बहुतेकदा गप्प बसलो होतो.

मी रसायनशास्त्र शिकवायला कोल्हापुरात आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. जयसिंगपूरचा, आडनाव कांबळे. आमच्यासारख्यांना नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी एक ठरलेली परीक्षा द्यावी लागते. आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग 'म्हणजे मूळचे कुठले?' असा गोड प्रश्न येतो. मी उत्तर तयार ठेवूनच बसलो होतो. स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि समोरचा एक उंच, जाड भिवयांचा माणूस वाकून म्हणाला, "मूळ कुठलं?"

"जयसिंगपूर," मी म्हणालो. "कांबळे. बौद्ध. आणखी काही?"

तो माणूस माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता.

"तुमचं न्हवं वो," तो म्हणाला. "डब्यातल्या भाताचं इचारतोय."

भात आजऱ्याच्या मावशीनं दिलेल्या तांदळाचा होता. मी काही सांगायच्या आत त्यांनी नाक आणखी खाली आणलं. "आजऱ्याचा घनसाळ हाय. पर नवा न्हाय. दोन सालाचा हाय." पुढच्या खेपेला मावशीला विचारलं तर तांदूळ खरंच दोन वर्षं कणगीत पडून होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'रसायन' झालो आणि ते माझ्यासाठी सर. ते वनस्पतिशास्त्राचे, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. पुढं मी फुलेवाडीत त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं आणि आमचं येणंजाणं वाढलं.

सरांना कुठल्याही वस्तूचं मूळ कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. सकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी आणून समोर धार काढून देतात. लोक पेला तोंडाला लावून मोकळे होतात, सर आधी पेल्यात नाक घालायचे. मग गवळ्याला म्हणायचे, "काल उसाचं वाडं घातलंस व्हय रे? कडबा संपला वाटतं." गवळी पहिल्यांदा चिडला होता. नंतर नंतर तो इतर गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायला लागला की आमच्या दुधाची परीक्षा मास्तर करतात.

घरात माडीवर त्यांची एक खोली होती. तिच्यात बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे भिंतीला लावून रचलेले. प्रत्येक डब्यात राखेत घोळलेलं कसलं तरी बी, आणि वर चिठ्ठी: कुणाच्या शेतातलं, कुणाच्या हातचं, कितव्या पेऱ्याचं. या तीन गोष्टी कळल्याशिवाय ते बी घरात घ्यायचे नाहीत. "मूळ कळलं की भ्या गेलं," हे त्यांचं वाक्य. वर्गात म्हणायचे, लग्नकार्यात म्हणायचे, एकदा तर एका मयतीला म्हणाले आणि लोकांनी त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं.

मी त्यांची चेष्टा करायचो. रसायनवाल्याला वासाचं काय कौतुक? आमच्या प्रयोगशाळेत बारावी नापास पोरगंसुद्धा परीक्षानळीत केळ्याचा वास तयार करून दाखवील. एकदा मी तसा वास कापसावर घेऊन त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी मान झटकली. "ह्यो मेलेला वास हाय, रसायन. ह्येला आई न्हाय, बा न्हाय."

नुसता हवेतला डौल नव्हता तो. प्राचार्यांच्या निरोप समारंभाला जेवणासाठी एका व्यापाऱ्यानं घनसाळ म्हणून पोती टाकली. पोतं उघडलं तसा सगळ्या मांडवात वास सुटला. आचारी खूश. सर गेले, मूठभर तांदूळ घेतले, वाटीत पाणी घालून चोळले आणि ते पाणी व्यापाऱ्याच्या नाकाशी धरलं. मग धुतलेले तांदूळ धरले. त्यांना कसलाच वास नव्हता.

"पावणं," सर म्हणाले, "लावल्याला वास पहिल्या पाण्यात पळतोय. अंगचा असंल तर शिजल्यावर बोलतोय. उचला पोती."

व्यापारी हातापाया पडला, पण पोती परत गेली. त्या दिवशी जेवायला अडीच वाजले आणि प्राचार्य उपाशीपोटी आपल्या कार्यावरची भाषणं ऐकत बसले.

आणखी एक गोष्ट ते फार रंगून सांगत. नोकरीला नवे नवे लागलेले असताना एक परदेशी संशोधक भाताच्या जुन्या जाती गोळा करायला आला होता. त्याच्याबरोबर वाट दाखवायला सरांना धाडलं. शाहूवाडीकडच्या डोंगरात पंधरा दिवस दोघं फिरले. तिथल्या एका माळावर एक बैरागी राहायचा आणि त्याच्या झोपडीमागं गांजाची आठ-दहा झाडं होती. कुणी लावलेली, कुठून आलेली, त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या गुरूच्या गुरूपासून तिथंच होती म्हणे. सरांनी गांजा कधी ओढला नाही. पण त्या झाडाचा वास त्यांच्या डोक्यात बसला. "कैरीचा चीक," ते डोळे मिटून सांगायचे, "आणि वरनं मिऱ्याची फोडणी. असला वास पुन्हा घावला न्हाय बघा."

सरांनी बैराग्याला तहसीलदाराकडं द्यायचा एक अर्ज लिहून दिला होता. त्याच्या बदल्यात त्यानं चिमूटभर बी दिलं. ते सरांनी अर्धं त्या परदेशी माणसाला दिलं आणि त्यानं खिशातलं भिंग काढून सरांना दिलं. परतीच्या वाटेवर बैराग्याला ते कळलं. तो एवढंच म्हणाला, "तुला दिलतं. त्येला का दिलास?" आणि झोपडीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. सरांनी आपल्या वाट्याचं बी पेरलं, पण ते उगवलं नाही.

ही गोष्ट सुरू झाली की सुमनवहिनी उठून आत जायच्या. सरांच्या बायको. कमी बोलणारी, पण बोलली की एक घाव दोन तुकडे. एकदा म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याची वस्तू दिली आणि भिंग घेतलं. ह्येत सांगण्यासारखं काय हाय?"

त्यांना एकच मुलगा, संग्राम. तो दहा वर्षांचा असताना खेळता खेळता त्यानं माडीवरचे सात-आठ डबे उघडले आणि सगळं बी एकत्र करून त्याची भेळ केली. सरांनी त्याला पट्ट्यानं मारलं. मी तेव्हा खाली बसलो होतो आणि तो आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर संग्राम त्या खोलीत कधी गेला नाही. बापाशी बोलणंही कामापुरतं. 'आबा, फी.' 'आबा, सही.' पुढं इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरी लागली. सर निवृत्त झाले, म्हातारे झाले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि मुलगा दिवाळीला येऊन दोन दिवसांत परत जायचा तो तसाच.

मग संग्राम घरी राहायला आला. काम लॅपटॉपवर होतं, कुठूनही चालायचं. वय चौतीस, ठरलेलं लग्न मोडलेलं, झोप नाही, चेहरा उतरलेला. वरच्या मजल्यावर दार लावून बसायचा. वहिनी ताट नेऊन दाराशी ठेवायच्या.

एके सकाळी सरांचा फोन आला. "रसायन, जरा येऊन जावा. अक्षरं लई बारीक हायत, भिंगातनंबी दिसंनात."

वहिनींना धुवायच्या कपड्यांत पेनसारखं काहीतरी आणि काडेपेटीएवढा चकचकीत खोका सापडला होता. मी बघितलं आणि ओळखलं. कॉलेजात अशा दोन-तीन वस्तू पोरांकडून जप्त झाल्या होत्या. व्हेप. पेनच्या टोकाला काचेची छोटी नळी बसवलेली, तिच्यात मधासारखं तेल. त्या नळीला कार्ट्रिज म्हणतात.

"सर, हे गांजाचं तेल आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो. "गरम करून वाफ ओढतात. पकडलं तर सरळ पोलीस केस."

"ते ऱ्हाऊ द्या. खोक्यावर काय लिवलंय ते वाचा."

मी वाचलं. पुढच्या बाजूला इंग्रजीत नाव होतं, घाट मँगो. मागं वंशावळ छापावी तशी एक आकृती. वर दोन जाती, त्यांच्या संकराची एक, तिच्या पुढं आणखी एक. सगळ्यात वरच्या चौकटीत लिहिलं होतं, 'मूळ जात: पश्चिम घाट, भारत.' अमेरिकेत तयार केल्याचंही लिहिलं होतं. खोका अमेरिकेत छापला की इचलकरंजीत, हे कळायला काही मार्ग नव्हता.

सरांनी ती नळी माझ्या हातातून घेतली आणि नाकाला लावली. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडं बघत होतो. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

"कैरीचा चीक," ते म्हणाले. "मिरं. रसायन, हे माझं बी हाय."

"सर, वास बाटलीत मिळतो. कुठल्याही तेलात घालता येतो."

"मला शिकवू नगासा. तुमचा वास मेलेला असतोय. ह्यो जित्ता हाय."

तेवढ्यात संग्राम चहाला खाली आला. टेबलावरचा खोका बघून जिन्यातच थांबला. मी उठलो. आता पट्टा निघणार की पोरगं घर सोडणार एवढंच ठरायचं होतं.

"बसा," सर मला म्हणाले. मग मुलाकडं वळले. "ह्येचं मूळ तुला ठावं हाय काय?"

संग्रामला ते टोमणा वाटलं. "आबा, झोप लागत न्हाय म्हणून घेतोय. बाकी काय न्हाय."

"झोपेचं न्हाय इचारलं. मूळ ठावं हाय काय?"

आणि सरांनी सांगायला सुरुवात केली. माळ, बैरागी, अर्ज, चिमूटभर बी. संग्राम आधी उभा होता, मग खुर्चीच्या हातावर टेकला, मग नीट बसला. "खरं, आबा? म्हंजे तुम्ही दिल्यालं बी?" त्यानं दोनदा विचारलं. तो हसला. चोवीस वर्षांनी त्या घरात बापलेक एकमेकांकडं तोंड करून हसले. चहा संपल्यावर दोघं माडीवर गेले आणि मला वर डबे सरकल्याचे आवाज ऐकू आले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी चपला घालून निघालो. मला बरं वाटलं. ते वाटायला नको होतं.

त्यानंतर बापलेक संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायला लागले. संग्राम चिठ्ठ्या वाचायचा, सर सांगायचे, आणि तो सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा. सर माझ्याकडं येऊन पोराचं कौतुक करायचे. "लई हुशार हाय वो. आमास्नी कळलंच न्हाय." आणि मध्येच आवाज खाली आणून सांगायचे, "नवी डबी आली की संग्राम आधी माझ्या नाकाला लावतोय. मी खरं म्हटलं तरच ओढतोय."

सगळ्या जन्माचा नियम त्यांनी त्या नळीपुरता गुंडाळून ठेवला होता. कुणाच्या शेतातलं, कुणाच्या हातचं, हे त्यांनी पोराला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की एक मित्र दुसऱ्या मित्राकडून आणतो आणि त्या दुसऱ्याला कोण देतो ते कुणालाच माहीत नाही. पण विचारलं असतं तर कदाचित उत्तर आवडलं नसतं, आणि मग रंकाळ्यावरचं फिरणं बंद झालं असतं. एवढं मला आता समजतं.

तिसऱ्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा नवी कार्ट्रिज टेबलावर होती. मी ती हातात घेऊन आडवी केली. पहिल्या नळीत तेलातला बुडबुडा झटकन सरकला होता. ह्या नळीतला जागचा हलेना. तेलात कुणीतरी काहीतरी दाट घातलं होतं. पातळ केलेलं तेल असं पुन्हा दाट दिसलं की महाग वाटतं, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो.

"सर, हे तेल वेगळं आहे."

"वास त्योच हाय."

"वास तोच असेल. तेल वेगळं आहे."

"रसायन," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात धार आली, "माझं पोरगं माझ्याशी बोलाय लागलंय. तुमच्या पोटात का दुखतंय?"

मी चिडलो. माझी स्वतःची मुलगी मला महिन्यातून एकदा फोन करते, तेवढ्यावर मी दिवस काढतो. मला कसला हेवा? मी उठून आलो आणि तीन आठवडे तिकडं फिरकलो नाही. राग खरा होता, पण त्या रागाचा मी फायदाही घेतला. जायचं नाही म्हटल्यावर बोलायचीही जबाबदारी राहत नाही.

मधे एकदा वहिनी भाजीची पिशवी घेऊन जाताना भेटल्या. "खोकतोय वो सारखं," त्या म्हणाल्या. "अंगात तापाची कसर हाय. ह्येंनी अडुळशाचा काढा दिलाय. पोरगं जिना चढून आलं की भिंतीला धरून हुबं ऱ्हातंय." मी म्हणालो, डॉक्टरांना दाखवा. याहून जास्त काही म्हणालो नाही.

त्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी संग्राम जिन्यात मध्यावर बसला तो उठेना. ओठ निळसर पडलेले. रिक्षात मीच त्याच्या एका बाजूला होतो. तो श्वास घेत होता तो अर्ध्यातच अडकत होता आणि तो आश्चर्यानं बापाकडं बघत होता.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसत होती. न्यूमोनिया धरून तिनं औषध सुरू केलं आणि संग्रामला बोलता येत नव्हतं म्हणून सरांना विचारलं, "सिगारेट? हुक्का? व्हेप? काही ओढायची सवय?"

"न्हाय," सर म्हणाले. "सुपारीबी खात न्हाय."

मी तिथं होतो. मी खाली फरशीकडं बघितलं.

बाहेर आल्यावर मी त्यांचा दंड धरला. "सर, सांगा तिला. आत्ता सांगा."

"सांगितलं तर पोरगं पोलिसात."

"पोलिसाचं नंतर बघू."

"त्येनं झालंच न्हाय ते!" ते ओरडले, इतके मोठ्यानं की बाकावरचे लोक वळले. मग हळू म्हणाले, "मी वास घेतलाय, रसायन. परतेक डबीचा घेतलाय. खराब असतं तर मला कळलं असतं."

तसे तीन दिवस गेले. औषधानं फरक पडेना. संग्रामच्या तोंडावर मोठा मास्क आला आणि डॉक्टर म्हणाली की उद्यापर्यंत असंच राहिलं तर गळ्यात नळी घालावी लागेल. मी दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. बापानं नाही म्हटलेलं मी कसं सांगू, असं स्वतःला समजावत होतो. माझ्या भित्रेपणाला मी मैत्री हे नाव दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बाकावरून उठल्या आणि सरांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मला शाळा कमी हाय," त्या म्हणाल्या, "पर डोळं हायत. त्या डब्या मीच खिशातनं काढत हुतो. तुम्ही वास घेतलासा आणि माझ्या पोराच्या हातात दिलासा. दर बारीला. आता मला एक सांगा. धुऊन बघितलासा काय?"

सर उठायला गेले. वहिनी वाटेतून हलल्या नाहीत.

"त्या तांदळावाल्याचं पोतं धुऊन बघितलं. गावाला सांगत फिरलासा. पोराच्या छातीत जायचं, ते धुऊन बघितलासा काय?"

सरांनी माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. स्वयंपाकघरात त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं. मी बत्त्यानं ती काचेची नळी फोडली आणि तेल स्टीलच्या वाटीत काढलं. सरांनी वरून कढत पाणी ओतलं. वाफेबरोबर वास उठला आणि घरभर झाला. कैरीचा चीक, मिरं. मलासुद्धा आला. सरांनी डोळे मिटले नाहीत, वाटीत बघत राहिले. पाणी ओतून टाकलं, दुसरं घातलं. मग तिसरं. वास गेला. तळाशी एक पिवळट चिकट थर राहिला. सरांनी त्यात बोट घातलं, नाकाला लावलं, पुन्हा लावलं. मग ते बोट त्यांनी माझ्यापुढं धरलं.

त्याला कसलाच वास नव्हता.

खरं सांगायचं तर रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्या परीक्षेला काडीचा अर्थ नव्हता. अस्सल झाडाचं तेल असतं तरी कढत पाण्यानं त्याचा वास उडालाच असता. तांदळाचा नियम तेलाला लागत नाही. हे मला त्या क्षणी माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. आयुष्यात माझ्या गप्प बसण्याचा तेवढा एकदाच उपयोग झाला.

सरांनी बोट धोतराला पुसलं. खोका, उरलेल्या नळ्या, पेन, सगळं रुमालात बांधलं आणि आम्ही परत गेलो. डॉक्टरच्या टेबलावर तो रुमाल ठेवून ते म्हणाले, "ह्ये ओढत हुता. मी बघून देत हुतो. मी खोटं बोललो बाई."

तिनं एक नळी उचलून उजेडात आडवी केली, मी केली होती तशीच. "तीन दिवस, सर," ती म्हणाली. औषध बदललं. फुप्फुसात तेलासारखं काही गेलं की ते असंच पेटतं, त्याला दुसरं औषध लागतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरंच वाचलं असतं, असंही सांगितलं. ते सरांना सांगायचं की नाही हे तिनं माझ्यावर सोडलं. मी सांगायची वेळच आली नाही. सर माझ्या मागंच उभे होते.

संग्राम वाचला. गळ्यात नळी घालावी लागली नाही. बावीस दिवसांनी घरी आला तो फुप्फुसाचा मोठा भाग कायमचा गमावून. जिना त्याला बंद झाला. माडी रिकामी झाली आणि त्याची कॉट खाली पुढच्या सोप्यात आली. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरायचं.

त्यानं आणखी दोन मित्रांची नावं सांगितली. 'आबांनी बघितलंय' असं म्हणून त्यानं त्यांनाही दिलं होतं. सर स्वतः दोघांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. एका घरी बापानं ऐकून घेतलं आणि पोराला तिथंच गाडीवर घालून डॉक्टरकडं नेलं. दुसऱ्या घरी म्हणाले, "मास्तर, वयानं मोठे हायसा म्हणून हात उचलत न्हाय," आणि तोंडावर दार लावलं. सरांनी बंद दारासमोर उभं राहून आतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. मग आम्ही निघालो.

त्या दिवसापासून ते खचले. दुधाच्या कट्ट्यावर जाणं बंद झालं. कुणी काही हुंगायला पुढं केलं तर तोंड फिरवायचे. माझ्याशी बोलायचे, पण मला 'रसायन' म्हणणं त्यांनी सोडलं. कांबळे म्हणायला लागले. का ते मी कधी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते थंडीत, सकाळी दहाच्या सुमाराला. त्यानंतर पंधरा दिवसांत ते झोपेतच गेले. मी फाटक उघडून आत आलो तर सोप्याच्या दारातून दोघं दिसले. दवाखान्यानं संग्रामला श्वासाच्या व्यायामासाठी एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढला की चेंडू वर उचलले जायचे. तिन्ही उचलले तर माणूस बरा. सर समोर स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर चेंडूंवर.

संग्रामनं ओढलं. पहिला चेंडू वर गेला. दुसरा तळाशी थरथरला आणि तिथंच राहिला. पहिलाही खाली पडला.

"पुन्ना," सर म्हणाले.

संग्रामनं पुन्हा ओढलं. पहिला वर गेला. दुसरा बोटभर उचलला गेला, तसाच तरंगत राहिला. सरांची छाती हलत नव्हती. मानेच्या शिरा ताठल्या होत्या, चेहरा काळानिळा पडत चालला होता, आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

चेंडू पडला. संग्रामनं तोंडातून नळी काढली आणि धाप लागली होती तरी हात पुढं करून बापाच्या गुडघ्यावर ठेवला.

"आबा," तो म्हणाला, "आधी तुम्ही श्वास घ्या की."